सिगारेट सोडून व्हेप धरलं आणि तोंड आलं! असं का होतं, आणि डॉक्टर कधी गाठायचा?

तोंडात फोड आले, जीभ सोलवटली, तिखट लागेनासं झालं, की आपल्याकडे दोनच शब्दांत निदान होतं. 'तोंड आलं.' आणि कारणही ठरलेलं असतं: 'उष्णता झाली.' मग कुणी जाईची पानं चावायला देतं, कुणी दुधाची साय लावायला सांगतं, कुणी मेडिकलवरून बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणतं. आठवड्याभरात बरं वाटतं आणि विषय संपतो.

गेल्या काही वर्षांत या तक्रारीत एक नवं गिऱ्हाईक आलंय. सिगारेट सोडायची म्हणून ई-सिगारेट, म्हणजे बोलीभाषेत 'व्हेप', हातात घेतलेला तरुण. तो म्हणतो, सिगारेट ओढत होतो तेव्हा तोंडाला काही झालं नाही, आणि सोडल्यावर पंधरा दिवसांत तोंड आलं. म्हणजे व्हेप सिगारेटपेक्षाही वाईट? की सिगारेटच बरी होती?

दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. आणि यातला दुसरा तर जीवावर बेतू शकतो.

आधी हे समजून घ्या: सिगारेट सोडली तरी तोंड येतं

ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. व्हेप, निकोटीनचं च्युइंगम, पॅच यातलं काहीही न वापरता कुणी सिगारेट सोडली, तरी पहिल्या काही दिवसांत तोंडात फोड येऊ शकतात.

ब्रिटनमध्ये धूम्रपान सोडण्यासाठी मदत घेणाऱ्या १,२३४ लोकांचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर १० पैकी साधारण ४ जणांना सिगारेट सोडल्यानंतर तोंडात फोड आल्याचं दिसलं. बहुतेकांना ते पहिल्या दोन आठवड्यांत आले. बऱ्याच जणांचा त्रास किरकोळ होता, पण ८ टक्के लोकांनी तो तीव्र असल्याचं सांगितलं. ज्यांना फोड आले त्यांतल्या ६० टक्के लोकांचे ते चार आठवड्यांच्या आत गेलेही.

असं का होत असावं? एक स्पष्टीकरण असं दिलं जातं. रोज गरम धूर लागून तोंडातली आतली नाजूक त्वचा थोडी जाड, निबर होते. शेतात राबणाऱ्या हाताला घट्टे पडतात, तसंच काहीसं. त्या थरामुळे छोट्या जखमा, दात लागणं, कडक भाकरीचा कोपरा टोचणं हे जाणवत नाही. धूर बंद झाला की तो थर पातळ होतो, खालची कोवळी त्वचा उघडी पडते आणि फोड येतात. त्यात सिगारेट सोडल्याचा मानसिक ताण आणि अपुरी झोप यांची भर पडते, आणि या दोन्ही गोष्टी एरवीही तोंड यायला कारणीभूत ठरतात.

म्हणजे सिगारेट ओढताना तोंड येत नव्हतं, याचा अर्थ तोंड निरोगी होतं असा होत नाही. घट्टे पडलेल्या हाताला काटा टोचलेला कळत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

इथेच अनेक जण चुकतात. फोड आले, दुखायला लागलं, 'मला सिगारेट सोडणं सोसत नाही' असं म्हणून पुन्हा पाकीट हातात घेतात. हा त्रास तात्पुरता आहे हे आधी माहीत असतं, तर कदाचित ते थांबले असते. सिगारेट सोडायला सांगणाऱ्या प्रत्येकाने हे एक वाक्य सोबत सांगायला हवं, पण सहसा कुणी सांगत नाही.

मग व्हेपचा काहीच दोष नाही?

आहे. आणि तो वेगळ्या प्रकारचा आहे.

व्हेपमध्ये तंबाखू जळत नाही. एक बॅटरी असते, एक छोटी तारेची कॉइल असते आणि कापसाच्या वातीत भिजलेलं द्रव असतं. कॉइल तापते, द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब हवेत मिसळतात आणि ते ओढले जातात. ज्याला 'वाफ' म्हणतात ती पाण्याची वाफ नव्हेच. आज आपण बघतो तसं हे उपकरण चीनमधले फार्मासिस्ट होन लिक यांनी २००३ मध्ये विकसित केलं. म्हणजे ते जेमतेम दोन दशकं जुनं आहे, आणि चाळीस वर्षं ओढल्यावर तोंडाचं काय होतं याचं उत्तर जगात कुणाकडेही नाही. तंबाखूचं उत्तर मिळायला किती पिढ्या गेल्या, ते आपण जाणतोच.

त्या द्रवात चार गोष्टी असतात: प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि चव देणारी रसायनं. तोंडाच्या दृष्टीने या प्रत्येकाचं स्वतःचं एक गाऱ्हाणं आहे.

प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन हे दोन्ही पाणी शोषून घेणारे पदार्थ. ते तोंडातला ओलावा ओढून घेतात. तोंड कोरडं पडतं, घसा खवखवतो, ओठ फुटतात. लाळ ही फक्त घास गिळण्यासाठी नसते. ती तोंड धुते, आम्ल सौम्य करते, जंतूंना आवर घालते. लाळ कमी झाली की साधा ओरखडाही चिघळतो, आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. जिभेवर दह्याच्या सायीसारखा पांढरा थर आला आणि पुसल्यावर तो निघून खाली लालसर दिसलं, तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो.

शिवाय काही लोकांना प्रॉपिलीन ग्लायकॉलची ॲलर्जीच असते. औषधं, मलमं, सौंदर्यप्रसाधनं यांत हा पदार्थ सर्रास वापरतात. अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१८ मध्ये त्याला 'वर्षातला ॲलर्जीकारक पदार्थ' म्हणून जाहीर केलं होतं. पुरस्कार वाटावा असं नाव आहे, पण उद्देश डॉक्टरांना सावध करण्याचा.

चवीचं प्रकरण त्याहून गुंतागुंतीचं. दालचिनीची चव देणारं सिनामाल्डिहाइड हे रसायन तोंडाच्या त्वचेला झोंबतं. दालचिनीच्या चवीचं च्युइंगम किंवा टूथपेस्ट वापरून तोंड सोलवटल्याच्या नोंदी दंतवैद्यकात व्हेप येण्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. मिंट आणि मेन्थॉलचा उलटा त्रास. ते थंडावा देतात, त्यामुळे आत आग होतेय हे लवकर कळतच नाही. निकोटीन स्वतःही जिभेला आणि घशाला चरचरतं. ते हिरड्यांचा रक्तपुरवठा कमी करतं, त्यामुळे हिरडी सुजली तरी रक्त येत नाही आणि आजार लपून राहतो.

त्यातच द्रव संपत आलं आणि वात कोरडी पडली की कापूस करपतो. करपट चव येते ती हीच. द्रव असं जास्त तापलं की त्यातून फॉर्मल्डिहाइड, ॲक्रोलिन यांसारखी दाहक रसायनं जास्त तयार होतात. 'अजून दोन झुरके निघतील' म्हणून ओढत राहणाऱ्यांचं तोंड त्या दोन झुरक्यांनीच भाजतं.

आणि एक अगदी साधी गोष्ट. व्हेप चार मित्रांत फिरतं. एकाच्या ओठावर जर आलेला असेल, म्हणजे नागिणीच्या जातकुळीतल्या विषाणूचे ते बारीक फोड असतील, तर ते तोंडी लावायच्या नळीबरोबर पुढच्याकडे जाऊ शकतात.

आकडे काय सांगतात?

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातले पीटर हायेक आणि सहकाऱ्यांनी ८८६ धूम्रपान करणाऱ्यांवर एक चाचणी केली. ती २०१९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आली. अर्ध्या लोकांना ई-सिगारेट दिली, अर्ध्यांना निकोटीनचे पॅच, च्युइंगम वगैरे. तोंड किंवा घसा जळजळण्याची तक्रार ई-सिगारेटवाल्यांमध्ये ६५.३ टक्के होती, दुसऱ्या गटात ५१.२ टक्के. मळमळ मात्र दुसऱ्या गटात जास्त होती.

त्याच चाचणीत वर्षभरानंतर सिगारेटपासून दूर राहिलेले लोक ई-सिगारेटच्या गटात १८ टक्के निघाले, तर दुसऱ्या गटात ९.९ टक्के. व्हेपचे समर्थक हा आकडा नेहमी पुढे करतात, आणि तो खरा आहे. फक्त त्याच्या शेजारचा आकडा ते सांगत नाहीत. सिगारेट सुटलेल्यांपैकी ई-सिगारेटच्या गटातले ८० टक्के लोक वर्षानंतरही ई-सिगारेट ओढत होते. पॅच-च्युइंगमच्या गटात वर्षानंतर ती साधनं वापरणारे होते फक्त ९ टक्के. सिगारेट सुटली, निकोटीन सुटलं नाही.

दुसरी गोष्ट. ही चाचणी ब्रिटनमध्ये झाली, सरकारी धूम्रपानमुक्ती सेवेत, आठवड्याला समुपदेशनासह, आणि अशा देशात जिथे द्रवात निकोटीन किती असावं यावर कायद्याने मर्यादा आहे. प्रति मिलिलिटर २० मिलिग्रॅम. भारतात कुणाच्या हातात पडणारं व्हेप यातल्या एकाही अटीत बसत नाही.

भारतात तर व्हेपवर बंदी आहे ना?

आहे, आणि कडक आहे. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने अध्यादेश आणला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने त्याचा कायदा केला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवणूक आणि जाहिरात या सगळ्यावर मनाई आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठवणुकीसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

'यात निकोटीन नाही, फक्त फ्लेवर आहे' असं सांगून विकणारे भेटतात. कायद्याची व्याख्या निकोटीन असो वा नसो, दोन्हीला लागू होते. ई-हुक्काही त्यात आला. परदेशातून येताना बॅगेत एकच आणलं तरी ती आयातच. ओढण्याच्या कृतीसाठी मात्र कायद्यात वेगळं शिक्षेचं कलम नाही.

या बंदीवर तेव्हाही टीका झाली, आजही होते. साधी सिगारेट आणि विडी टपरीवर राजरोस, आणि तिच्या पर्यायावर बंदी, हे कसं, असा तो प्रश्न. प्रश्न चुकीचा नाही. सरकारचं म्हणणं होतं की व्यसन नसलेली शाळकरी मुलं याच्या नादी लागतील. इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चनेही मे २०१९ मध्ये पूर्ण बंदीचीच शिफारस केली होती.

पण तोंड आलेल्या माणसासाठी बंदीचा अर्थ वेगळाच निघतो. बंदी असलेल्या वस्तूवर कुणाचीच तपासणी नसते. डबीवर 'मँगो, २ टक्के' छापलेलं असेल, पण आत काय आहे, किती निकोटीन आहे, चव कशाची आहे हे तपासणारी यंत्रणाच नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसं निकामी होण्याची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ लोक रुग्णालयात दाखल झाले किंवा मृत्युमुखी पडले, त्यात ६८ मृत्यू होते. त्यातल्या बहुतेक प्रकरणांचा धागा गांजातला घटक असलेल्या, मुख्यतः अनधिकृत ठिकाणांहून आलेल्या द्रवापाशी आणि त्यात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटपाशी गेला. चोरटा माल काय करू शकतो याचं ते उदाहरण.

आणि बंदीचा दुसरा परिणाम: रुग्ण डॉक्टरला सांगत नाही. 'काही नाही डॉक्टर, उष्णता झालीय.' डॉक्टर जीवनसत्त्वाच्या गोळ्या देतात, व्हेप चालूच राहतं, फोडही चालू राहतात. डॉक्टर पोलीस नाहीत. काय ओढता, काय खाता हे त्यांना सांगणं उपचारासाठी लागतं.

नंदुरबारमध्ये हा प्रश्न कुठे बसतो?

आता जरा महाराष्ट्राकडे येऊ, कारण इथे गणित उलटं आहे.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरतात. त्यात धूर काढणारे फक्त ३.८ टक्के. धूर न काढता तोंडात धरणारे, चघळणारे, दाताला लावणारे २४.४ टक्के. गुटखा, मावा, खर्रा, चुना लावून मळलेली तंबाखू, मशेरी. म्हणजे महाराष्ट्रातलं व्यसन फुप्फुसाआधी गालात बसतं.

समजा, नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावातला एखादा तरुण कामासाठी सुरतला आहे. नंदुरबारहून सुरतची रेल्वे थेट, आणि जिल्ह्यातून कामासाठी गुजरातकडे जाणारे कमी नाहीत. तिथे मित्रांमुळे सिगारेट लागली, मग कुणीतरी व्हेप दिलं. सुटीत गावी आला. घरी शेवभाजी झाली आणि पहिल्याच घासाला तोंडाची आग आग झाली. दोष कुणाला देणार? हातात नवीन आलेल्या वस्तूला. व्हेप बंद करतो, साय लावतो.

पण हाच मुलगा आठवीपासून गुटख्याची पुडी खात असेल तर?

तिखट सहन न होणं हे तोंडाच्या एका गंभीर आजाराचं पहिलं लक्षण असतं. वैद्यकीय भाषेत त्याला 'ओरल सबम्युकस फायब्रोसिस' म्हणतात. सुपारीतल्या रसायनांमुळे गालाच्या आतल्या थरात तंतू वाढत जातात. गाल पांढरट, ताठर होतो. आधी तिखट झोंबतं, मग मोठा घास जात नाही, मग तोंडच उघडेनासं होतं. मिरचीच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात एखाद्याला ठेचा झोंबू लागला, तर त्याची चेष्टा होते. खरं तर त्याच वेळी त्याचं तोंड तपासायला हवं.

'मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो' हा बचाव इथे चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच सुपारी एकटीसुद्धा कर्करोग करते असं नोंदवलं. एर्नाकुलम जिल्ह्यात या आजाराच्या ६६ रुग्णांचा १७ वर्षं पाठपुरावा झाला. त्यातल्या ५ जणांना, म्हणजे ७.६ टक्के लोकांना, तोंडाचा कर्करोग झाला. ताठरलेला गाल पूर्ववत होत नाही. सुपारी थांबवली आणि उपचार घेतले, तर पुढची घसरण रोखता येते.

महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली, आणि ती दरवर्षी वाढवली जाते. पुड्या तरीही मिळतात, हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही.

इथे आणखी एक भानगड आहे. तंबाखू मळणारा माणूस व्हेपकडे 'सोडण्याचं साधन' म्हणून वळला, तर ते साधन त्याच्यासाठी बनलेलंच नाही. बहुतेक अभ्यास सिगारेटवाल्यांवर झालेत. आपल्याकडे होतं ते असं, की दिवसभर तंबाखू चालू असते आणि वर व्हेपची भर पडते. चुना आधीच गालाची त्वचा सोलतो, त्यावर कोरडी वाफ. तोंड येणारच.

साधे फोड आणि धोक्याचे फोड कसे ओळखायचे?

साधा फोड गोल असतो, लहान, मध्ये पांढरा-पिवळसर आणि कडेने लाल. ओठाच्या आत, गालाच्या आत, जिभेच्या कडेला येतो. भयंकर दुखतो. आणि सात ते चौदा दिवसांत जातो.

ही शेवटची दोन लक्षणं पाठ करा, कारण कर्करोगाची जखम सुरुवातीला बऱ्याचदा दुखतच नाही, आणि जात नाही. लोक उलटा हिशोब करतात: दुखत नाही, म्हणजे साधं असेल.

दोन आठवड्यांत न भरणारी जखम, गालात किंवा जिभेवर न पुसला जाणारा पांढरा वा लाल चट्टा, हाताला लागणारी गाठ, विनाकारण हलणारा दात, आवाजात बदल, मानेत गाठ, गिळताना त्रास. यातलं एक जरी असलं तरी दंतवैद्य किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टर गाठायचे. आणि एक तपासणी घरच्या घरी होते. स्वतःच्या हाताची तीन बोटं एकमेकांना लावून, उभी, वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून बघा. ती जात नसतील, तर तोंड कमी उघडतंय.

२०२० च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ३६ हजार नवे रुग्ण होते, आणि सुमारे ७५ हजार मृत्यू. तोंड हा असा अवयव आहे जो आरशात दिसतो. तरीही निम्म्याहून जास्त रुग्ण आजार बराच पुढे गेल्यावर येतात.

वारंवार तोंड येण्याचं कारण रक्तातही असू शकतं. लोह, बी १२ किंवा फॉलिक ॲसिड कमी असलं की फोड येत राहतात. सातपुड्याच्या पट्ट्यात रक्तक्षय ही जुनी समस्या आहे, त्यामुळे हिमोग्लोबिनची तपासणी टाळू नये.

तोंड आलंय, आता करायचं काय?

पहिलं काम: पुन्हा सिगारेट पेटवायची नाही. फोड जातील.

दुसरं, व्हेप पूर्ण बंद करून दोन आठवडे बघायचं. त्याने बरं वाटलं तर कारण सापडलं. नाही वाटलं तर तपासणी. चव बदलून बघणं, 'मिंटऐवजी मँगो' करणं, याने फक्त वेळ जातो.

कोमट पाण्याच्या ग्लासात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चूळ भरावी. पाणी भरपूर प्यावं. तिखट, आंबट, कडकडीत गरम काही दिवस बाजूला. अल्कोहोल असलेला माउथवॉश वापरू नये, तो तोंड अजून कोरडं करतो. मेडिकलमध्ये मिळणारं फोडांवरचं जेल जेवणाआधी लावलं तर घास गिळायला सोपं जातं. जाईची पानं, मध, साय यांनी आराम पडत असेल तर हरकत नाही, फक्त त्यांच्या भरवशावर दोन आठवड्यांची मुदत ओलांडू नये. मशेरी मात्र अजिबात नको. 'मशेरीने हिरड्या घट्ट होतात, फोड सुकतात' असं सांगणारी माणसं घरोघरी आहेत. मशेरी ही भाजलेली तंबाखूच आहे.

निकोटीनची तलफ भागवायला च्युइंगम आणि पॅच भारतात कायदेशीर मिळतात. पण च्युइंगम हे च्युइंगमसारखं चघळायचं नसतं, आणि इथेही लोक तोंड जाळून घेतात. हळू चावायचं, जिभेला चरचरलं की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचं. एक गोळी अर्धा तास चालते. त्याआधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही. ज्याचं तोंड आधीच सोलवटलेलं आहे किंवा कमी उघडतं, त्याने डॉक्टरांना विचारून पॅच घेतलेला बरा. तो दंडावर लावतात, तोंडाशी त्याचा संबंधच येत नाही. याशिवाय डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी गोळ्यांची औषधंही आहेत.

गावातून कुठे जायचं, हा खरा प्रश्न असतो. त्यासाठी थेट नाशिक-मुंबई गाठायची गरज नसते. तिशीच्या पुढच्या प्रत्येकासाठी आशा ताईंकडे एक फॉर्म असतो, 'सीबॅक' नावाचा. त्यात तंबाखू खाता का, तोंड उघडायला त्रास होतो का, दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का, हे प्रश्न छापलेलेच आहेत. अनेकदा तो घाईत भरला जातो आणि सगळीकडे 'नाही' लिहिलं जातं. आशा ताई आल्या की स्वतःहून सांगा, किंवा उपकेंद्रात तोंड दाखवा. पुढे ग्रामीण रुग्णालय आणि नंदुरबारचं जिल्हा रुग्णालय आहे. तिशीच्या आतल्या, पण लहानपणापासून पुडी खाणाऱ्या मुलांचं वय त्या फॉर्ममध्ये बसत नाही. त्यांना घरच्यांनीच न्यावं लागतं.

फोनवर मदत हवी असेल तर राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा टोल फ्री क्रमांक १८००-११-२३५६ आहे. २०१६ मध्ये ती दिल्लीतून सुरू झाली. नंतर मुंबईच्या टाटा मेमोरियलसह आणखी केंद्रं जोडली गेली. हाच क्रमांक तंबाखूच्या आणि सिगारेटच्या पाकिटावर, चित्राच्या खाली छापलेला असतो. ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल दिला तर मोबाइलवर मेसेज सुरू होतात. फोन करताना सिगारेट की गुटखा की व्हेप, जे असेल ते सगळं सांगा. एकच सांगितलं तर सल्ला त्या एकाचाच मिळेल.